चकाकीचे पैसे देऊ नका : १९६९ ते १९७९ मधली एअरस्ट्रीम

पॉलिश मारून आरशासारखी केलेली जुनी एअरस्ट्रीम, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचा ॲल्युमिनियमच्या कवचाचा राहण्याचा ट्रेलर, विकायला निघाली की फोटो बघूनच अर्धा सौदा ठरतो. प्रत्यक्ष बघायला गेलं की विकणारा आधी गाद्यांची नवी कव्हरं दाखवतो आणि मग ॲल्युमिनियमवरून प्रेमाने हात फिरवतो. त्याच्याकडे एवढंच मागा: ट्रेलर सपाट सिमेंटवर उभा करून द्या आणि दोन तास खाली सरपटू द्या. 'वरून कीर्तन, आतून तमाशा' ही म्हण या गाडीच्या बाबतीत 'वरून कीर्तन, खालून तमाशा' अशी वाचावी लागते.

हा अभिप्राय १९६९ ते १९७९ या काळातल्या लांब ट्रेलरबद्दल आहे. म्हणजे २५ फुटी ट्रेडविंड, २७ फुटी ओव्हरलँडर, २९ फुटी ॲम्बॅसेडर आणि ३१ फुटी सॉव्हरिन. वॉली बायमने १९३१ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीचं नाव एवढं मोठं आहे, की अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्रावरून परतल्यावर त्यांना ज्या फिरत्या खोलीत अलग ठेवलं, तीही बदल केलेली एअरस्ट्रीमच होती. पण त्या नावाचे पैसे विकणारा आधीच किमतीत धरतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत उन्हाळ्यात यलोस्टोनला न्यायला 'जुनी घेऊन नीट करू' हा विचार आता बराच ऐकू येतो. विचार वाईट नाही, हिशेब बहुतेक वेळा उलट्या टोकाने मांडलेला असतो.

आमचं मत आधीच सांगतो. कवचाला पाचपैकी साडेचार, आतल्या जागेच्या वापराला चार, चासीला दोन, मूळ ॲक्सलला आज एक, आणि मूळ विजेच्या कामाला एक तोही दयेपोटी.

सगळ्यात आधी मागच्या बंपरवर उभे राहा. खरंच, दोन्ही पायांनी, आणि हलकेच खालीवर करा. दुसऱ्या माणसाने बाजूला बसून कवचाची खालची कड आणि बंपर यांच्यामधली फट बघायची. बंपर खाली जातो आणि कवच जागेवर राहतं, फट उघडझाप करते, असं दिसलं तर कवच चासीपासून सुटलेलं आहे. या काळातल्या लांब ट्रेलरचा हा सर्वात महागडा रोग. कारण समजून घेतलं तर तपासणी कुठे करायची ते आपोआप कळतं. कवचाच्या खालच्या कडेला ॲल्युमिनियमची पन्हळीसारखी पट्टी असते. ती पट्टी, तिच्याखाली प्लायवूडची जमीन आणि तिच्याखाली चासीचं लोखंड, अशी तीन थरांची चळत बोल्टने आवळलेली असते. बंपरलगतच्या सांध्यातून पावसाचं पाणी आत शिरतं आणि प्लायवूडची कड ते शोषून घेते. प्लायवूड कुजलं की बोल्टला धरायला काही उरत नाही. त्यातच चाकांमागे चासीचा लांब भाग लोंबता, आणि मागे बाथरूम असलेल्या रचनेत मैल्याच्या टाकीचं वजनही तिथेच. प्रत्येक खड्ड्यात ते शेपूट खाली झुकतं, कवच मात्र ताठ राहतं.

तेव्हा आत जाऊन बाथरूमच्या मागच्या कोपऱ्यात, कपाटाच्या तळाशी, पातळ स्क्रू ड्रायव्हरने जमीन टोचा. घट्ट प्लायवूडमध्ये टोक अडतं. कुजलेल्यात ते भिजलेल्या बिस्किटात शिरावं तसं आत जातं. वर नवं विनाइल अंथरलेलं असेल तर कड उचलून बघायची परवानगी मागा. नकार आला तर तेच उत्तर समजा. दाराच्या उंबऱ्याखाली, पुढच्या खिडकीखाली आणि चाकांच्या कमानींभोवतीही टोचा. ओलावा मोजायचं दोन टोकांचं यंत्र स्वस्त मिळतं. कोरड्या ठिकाणचा आकडा आधी बघा आणि त्याच्याशी बाकीचे ताडून पाहा, कारण एकट्या आकड्याला अर्थ नसतो. मूळ जुन्या विनाइल टाइल्स असतील तर त्या उचकटण्याआधी ॲस्बेस्टॉसची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या.

दुरुस्ती होते, पण वेल्डिंगचा डाग मारून होत नाही. मागचं सामान काढायचं, कुजलेली जमीन पट्टीच्या आतपर्यंत कापायची, चासीचा गंज खरवडून गंजरोधक लेप द्यायचा, नव्या प्लायवूडच्या कडा इपॉक्सीने बंद करायच्या आणि सपाट डोक्याच्या एलिव्हेटर बोल्टने तिन्ही थर पुन्हा आवळायचे. नुसता पोटाखालचा पत्रा काढून बाहेरून लोखंडी पट्टी जोडणारे भेटतात. त्याने फट झाकली जाते आणि कूज मात्र आत सुरूच राहते. पोटाखालचा पत्रा काढलात तर इन्सुलेशनमध्ये उंदरांची घरटी निघणार, हे गृहीत धरा. पश्चिमेकडच्या राज्यांत डिअर माइस जातीच्या उंदरांच्या विष्ठेतून हंटाव्हायरस पसरतो. सुकी घाण झाडूने उडवू नका. ब्लीचच्या पाण्याने भिजवा, पाच मिनिटं थांबा, हातमोजे आणि चांगला मास्क लावून पुसून काढा.

आता ॲक्सल. यात पाट्यांची स्प्रिंग नसते. चौकोनी नळीच्या आत रबराचे दांडे आणि त्यांच्यात पकडलेला लोखंडी गज, त्याला चाकाचा आर्म. चाक वर गेलं की गज फिरतो, रबर दबतं आणि धक्का पचतो. १९६१ पासून कंपनीने हीच पद्धत घेतली आणि तेव्हा ती उत्तम होती. पण रबर पंचवीस-तीस वर्षांत टणक होतं आणि पन्नास वर्षांचं रबर म्हणजे दगड. चालवताना ओढणाऱ्या गाडीत काही जाणवत नाही, हीच यातली फसगत. धक्के सगळे ट्रेलर खातो. रिव्हेट तुटतात, कपाटांचे स्क्रू सुटतात, आणि वर सांगितलेलं मागचं शेपूट आणखी लवकर सुटतं.

तपासायला यंत्र लागत नाही. ट्रेलर सपाट जमिनीवर, भार चाकांवर. आतून टॉर्च मारून आर्म बघा. चाकाचं केंद्र नळीच्या केंद्रापेक्षा थोडं खाली असलं पाहिजे. आर्म आडवा झाला असेल किंवा वर गेला असेल तर रबर संपलं. मग चासीखाली जॅक लावून चाक अधांतरी करा. आर्म स्पष्ट खाली उतरायला हवा, कारण मूळ मापात भार नसताना तो साधारण २२.५ अंश खाली झुकलेला असतो. जेमतेम हलला तर तेच निदान पक्कं. जॅक ॲक्सलच्या नळीखाली कधीही लावू नका, नळी वाकते आणि ॲक्सल कायमचा जातो. चासीचा मुख्य वासा किंवा ॲक्सल जिथे चासीला बसवलाय ती जाड प्लेट, एवढ्याच जागा. आणि खाली जायचं असेल तर जॅकच्या भरवशावर जाऊ नका. स्टँड लावा, दुसऱ्या बाजूची चाकं अडवा. दोन ॲक्सल असतील तर दोन्ही एकदम बदला. एक नवा एक जुना ठेवला तर सगळा भार एकाच जोडीवर जातो. ब्रेकसह काम काही हजार डॉलरमध्ये जातं. किमतीत घासाघीस करायला यापेक्षा चांगला मुद्दा नाही.

ॲक्सल बदलले तर बहुतेक वेळा ब्रेकचे नवे संच सोबत येतात आणि पुढचा उतारा वरवर वाचला तरी चालेल. जुनेच ठेवणार असाल तर प्रत्येक ड्रम काढा. इलेक्ट्रिक ब्रेकमध्ये एक चुंबक ड्रमच्या आतल्या तोंडाला चिकटतो आणि आर्म ओढून शू उघडतो. १२ इंची ब्रेकचा एक चुंबक पूर्ण दाबावर साधारण ३ ते ४ ॲम्पिअर घेतो, म्हणजे चार चाकांचा मिळून १२ ते १६. ओढणाऱ्या गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरच्या तारेत ॲम्पिअरमीटर लावून हा आकडा बघा. १२ च्या जागी ८-९ आला तर एखादी तार तुटलेली किंवा अर्थिंग गंजलेलं आहे. जास्त आला तर कुठे तरी तार चासीला टेकते आहे. बरेचदा दोष ॲक्सलच्या नळीतून एका चाकाकडून दुसऱ्याकडे गेलेल्या तारेत सापडतो, घासून घासून तिचं आवरण गेलेलं असतं. ती तार नळीत पुन्हा ओढत बसू नका, बाहेरून नळीला बांधून न्या. ब्रेक ॲडजस्ट करताना त्याची चक्री फिरवत न्या. चाक हाताने फिरवायला जड झालं की उलट फिरवा, इतकं की हलका घासल्याचा आवाज येत चाक मोकळं फिरेल.

बेअरिंगचं ग्रीस दर वर्षी किंवा १२,००० मैलांनी बदलायचं, यातलं जे आधी येईल ते. जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढा, दोन जातींचं ग्रीस एकत्र झालं तर पातळ होऊन ब्रेकवर वाहतं. रोलरवर निळसर डाग म्हणजे बेअरिंग तापलं होतं. खाच म्हणजे संपलं, आणि बाहेरची रेसही (रोलर ज्यात फिरतात ते कडं) त्याच्याबरोबर बदलायची. नट ५० फूट-पाउंडाने आवळा, आवळताना हब फिरता ठेवा. मग हब न हलवता नट सैल करा, बोटाने टेकेपर्यंत फिरवा आणि नवी कॉटर पिन घाला. भोक जुळत नसेल तर नट मागे न्या, पुढे नाही.

ट्रेलर गाडीपासून तुटून सुटल्यावर ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच ही दोन मिनिटांची तपासणी आहे, आणि तीच कोणी करत नाही. ट्रेलरचा प्लग गाडीतून काढा, नाहीतर उलटा प्रवाह कंट्रोलरला इजा करू शकतो. ट्रेलरची बॅटरी चार्ज आहे बघा. स्विचची पिन ओढा आणि ट्रेलर हळूच ओढून पाहा, चाकं घट्ट अडली पाहिजेत. पिन लगेच परत घाला, चुंबक तापतात. पिनची दोरी कपलरला (ट्रेलर गाडीला अडकवायच्या तोंडाला) किंवा साखळीला बांधलेली दिसली तर विकणाऱ्याला हे काय असतं तेच ठाऊक नाही. ती ओढणाऱ्या गाडीला वेगळी बांधायची.

टायरच्या बाबतीत खाच किती उरली हे बघणं निरुपयोगी. हे ट्रेलर वर्षभर उभे असतात आणि टायर उन्हाने आतून मरतात. बाजूवर 'डॉट'ने सुरू होणारा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाचा. ३२१७ म्हणजे २०१७ चा ३२ वा आठवडा. क्रमांक चारऐवजी तीनच आकड्यांनी संपत असेल तर तो टायर २००० च्या आधीचा आहे आणि म्युझियममध्ये शोभेल. सहा वर्षांपुढे कसाही दिसला तरी बदला. या ट्रेलरवर सहसा बसणारा २२५/७५ आर १५ मापाचा एसटी (खास ट्रेलरसाठीचा) टायर डी या भारश्रेणीत ६५ पीएसआयला २,५४० पाउंड उचलतो, ई श्रेणीत ८० ला २,८३०. हवा कमी ठेवून 'मऊ चालतो' असं म्हणणारे बाजूच्या भिंतीला तापवत असतात. ई श्रेणी घेतलीत तर रिमही तेवढ्या दाबाची आहे ना ते बघा. जुन्या रिमवर बहुधा नसते.

विजेकडे वळूया. मूळ युनिव्होल्ट हा कन्व्हर्टर (१२० व्होल्टवरून १२ व्होल्ट करून बॅटरी चार्ज करणारी पेटी) खोलीभर घूं-घूं करतो आणि बॅटरीला जास्त चार्ज देऊन तिचं पाणी उडवतो. त्याच्या जागी टप्प्याटप्प्याने चार्ज करणारा आधुनिक कन्व्हर्टर बसवा, यात चर्चा नको. या काळातल्या काही ट्रेलरमध्ये १२० व्होल्टच्या तारा ॲल्युमिनियमच्या आहेत. सॉकेट उघडा. तांब्याऐवजी पांढरी तार दिसली आणि सॉकेटवर 'सीओ/एएलआर' (ॲल्युमिनियमच्या तारेला चालणाऱ्या सॉकेटची खूण) लिहिलेलं नसेल, तर ते जोड तापतात. पण सर्वात धोकादायक दोषाची तपासणी वेगळीच, कारण हे सगळं घर धातूचं आहे. ट्रेलर विजेला जोडा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक न रंगवलेल्या बंपरला किंवा हिचच्या (गाडीला जोडायच्या पुढच्या टोकाच्या) जॅकला, दुसरं ओल्या जमिनीत खोचलेल्या लोखंडी सळईला. आकडा शून्याजवळ हवा. दोन-तीन व्होल्टच्या वर गेला तर प्लग काढा आणि कारण सापडेपर्यंत जोडू नका. अनवाणी, ओल्या गवतावर उभं राहून कोणी दाराची कडी धरली तर काय होईल, हे सांगायला नको. बहुधा कोणी तरी वितरण पेटीत न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र बांधलेले असतात, घरातल्यासारखे. ट्रेलरमध्ये हे दोन वेगळेच राहिले पाहिजेत. तेव्हा पेटी उघडून बघा, सॉकेटला जीएफसीआय (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) लावा. दिव्यांच्या तारांचे रंग मात्र आजच्या सात पिनी प्लगच्या रंगांशी जुळतीलच असं नाही. प्रत्येक तार टेस्ट लॅम्पने ओळखा.

गॅस. सिलिंडरच्या कॉलरवर तारीख कोरलेली असते. मुदत संपलेला सिलिंडर कोणी भरून देत नाही. त्रिकोणी मूठ असलेला ओपीडी (सिलिंडर जास्त भरू न देणारा) व्हॉल्व्ह हवा, २००२ पासून ४ ते ४० पाउंडांच्या सिलिंडरला तो नसेल तर भरत नाहीत. जुना एकटप्पी रेग्युलेटर काढून दोनटप्पी लावा आणि मनोमीटरने (दाब मोजायच्या यंत्राने) ११ इंच पाण्याच्या स्तंभाएवढा दाब येतो का बघा. गळतीसाठी साबणाचा फेस जोडांवर लावतातच, पण त्याने लपलेल्या नळीची गळती कळत नाही. शेगडीच्या बर्नरला मनोमीटर जोडा, गॅस भरून सिलिंडर बंद करा, दाब ८ इंचांवर आणा. तीन मिनिटं काटा जागचा हलता कामा नये. हलला तर एकेक उपकरण वेगळं करत जा. मूळ तांब्याच्या नळ्या चासीला जिथे टेकल्यात तिथे घासून पातळ झालेल्या सापडतात. ट्रेलर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीचा हीट एक्स्चेंजर चिरलेला असेल तर जाळलेला गॅस झोपण्याच्या जागेत येतो, ती दुरुस्त नको, नवी घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याजवळ, प्रोपेनचा जमिनीलगत, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड. दोन्हींच्या मागे मुदत लिहिलेली असते.

फोडणीबद्दल एक शब्द, कारण अमेरिकी परीक्षणांत हे कोणी लिहीत नाही. शेगडीवरचा मूळ पंखा अशक्त आहे आणि त्याचा बाहेरचा झाकणपत्रा अनेकदा सिलिकॉनने कायमचा बंद केलेला सापडतो. मोहरी तडतडायच्या आधी तो उघडा आणि छताचा झरोकाही. जमल्यास फोडणी बाहेर, पोर्टेबल शेगडीवर द्या. आतला बिछाना आठवडाभर हिंगाचा वास धरून ठेवतो. आणि थंडीत शेगडी पेटवून ट्रेलर तापवू नका, कधीच नाही.

कवचाला एवढे गुण का, तर ते त्याला शोभतात. २०२४-टी३ मिश्रधातूचा पत्रा, वर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर, आणि कवच स्वतःच भार पेलतं. म्हणूनच पत्र्यावर सँडपेपर चालवणं हा गुन्हा आहे. तो थर गेला की खालचं मिश्रधातू गंज धरतं. पाणी तपासायला नळीने खालून वर, एकेका पट्ट्याला पंधरा मिनिटं. वरून सुरुवात केली तर कुठून गळलं कळतच नाही. सांधे पॉलियुरेथेनने भरा, सिलिकॉनने नको, त्यावर नंतर दुसरं काही चिकटत नाही. तुटलेला रिव्हेट बाहेरून बदलायचा तर ऑलिंपिक रिव्हेट लावून त्याचं देठ तासा. बाजारात मिळणारा साधा पॉप रिव्हेट पाणी झिरपू देतो.

फ्रिजमागे पिवळी पूड किंवा अमोनियाचा वास असेल तर तो फ्रिज गेला, विचार करू नका. पाण्याच्या नळ्या मूळ तांब्याच्या असतील तर एखाद्या थंडीत फुटलेल्या असतीलच, सरळ पेक्सच्या (प्लास्टिकच्या) नळ्या टाका. बाहेरून पाणी जोडताना ४० ते ५० पीएसआयचा रेग्युलेटर लावायला विसरू नका. आतून बाहेर ढकलता येणारी आणीबाणीची खिडकी उघडून बघा, रंगाने चिकटलेल्या खिडक्या खूप सापडतात.

वर्षांमध्ये निवड करायची तर १९६६ ते ६८ चे ट्रेलर बाकदार काचांमुळे सुंदर दिसतात, पण ती कॉर्निंगची काच फुटली तर पुन्हा मिळवणं फार कठीण. ओझं कमी हवं असेल तर छोटी घ्या, २३ फुटांच्या आसपास. तिचं शेपूट छोटं, म्हणून रोगही सौम्य. रंगवलेली आर्गोसी, १९७२ नंतरची, स्वस्त पडते. फक्त तिच्या टोकांचा पत्रा गॅल्व्हनाइज्ड स्टीलचा असल्याने तिथे गंजाची आणखी एक जागा तपासावी लागते.

सौदा ठरला तर नेण्याआधी जागेवरच टायर बदला, सुरक्षेच्या साखळ्या कपलरखाली फुलीसारख्या लावा आणि वाटेतल्या ट्रक थांब्यावर काट्यावर वजन करून हिचवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार आहे का बघा. चाकांचे नट ताऱ्याच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, ९० ते १२० फूट-पाउंडापर्यंत. १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून पुन्हा आवळा, आणि त्याच वेळी प्रत्येक हबवर हात ठेवा. तीन कोमट आणि एक चटका देणारा, तर त्या चाकाचं बेअरिंग नाहीतर ब्रेक बघितल्याशिवाय पुढे निघू नका.